घरगुती ब्रूडर: पन्नास पिल्लं, जुन्नरची थंडी आणि बेभरवशाची लाइट

ओढ्याकाठी

मंडळी, पुढच्या गुरुवारी घरी ५० पिल्लं येताहेत. जात ग्रामप्रिया, वय एक दिवस. आम्ही राहतो ओतूरच्या पुढे, वस्तीवर. डिसेंबरात पहाटे पारा ८-९ अंशांपर्यंत उतरतो, आणि लाइटचं म्हणाल तर गावठाणात ती असते, वस्तीवर ती मनाला येईल तेव्हा येते.

गावरान कोंबड्या घरी पूर्वीपासून आहेत. तिथे पिल्लं कोंबडीच काढते, कोंबडीच सांभाळते, आपण संध्याकाळी डालगं झाकलं की काम संपलं. हॅचरीतली, म्हणजे यंत्रात अंडी उबवणाऱ्या केंद्रातली पिल्लं आईविना येतात, त्यामुळे पहिले तीन-चार आठवडे ऊब आपणच पुरवायची. त्यासाठी ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी जागा, कसा बांधतोय ते लिहितो. अजून पुरतं बांधून झालेलं नाही, तेव्हा खुशाल चिरफाड करा.

गोठ्याला लागून १० बाय ८ ची खोली आहे, पूर्वी खतं नि बियाणं ठेवायचो. खाली शहाबादी फरशी, वर सिमेंटचा पत्रा, एक खिडकी, एक दार. रिकामी करून धुतली, चार दिवस उघडी टाकून वाळवली, आतून चुना मारला. फर्निचरच्या दुकानातून मोठे पुठ्ठे आणलेत, ते दीड फूट उंच कापून गोल घेर करणार. व्यास चार फूट, पिल्लं वाढतील तसा साडेपाच-सहापर्यंत वाढवायचा. गोल अशासाठी की कोपरा मिळाला की पिल्लं त्यात घुसून एकमेकांवर चढतात.

खाली दोन इंच साळीचं तूस, त्यावर वर्तमानपत्र. उबेसाठी जुनं लोखंडी घमेलं पालथं टांगून त्यात १०० वॅटचा एक पिवळा बल्ब. भिंतीवर थर्मामीटर. खिडकीला प्लास्टिक ठोकून पूर्ण बंद. लाइट गेली तर कोळशाची शेगडी तयार ठेवणार.

पाण्याची दोन भांडी, खाद्याची दोन ताटं, स्टार्टर म्हणजे लहान पिल्लांच्या खाद्याचं ५० किलोचं एक पोतं. काय राहिलं?

तांबडी_माती

पहिला नंबर!

आम्ही कुडाळकडचे, थंडी आम्हाला माहीत नाही, आमचा शत्रू ओल. पण एक विचारते. घरात खुडूक बसलेली गावरान कोंबडी आहे का? असली तर दहा-बारा पिल्लं तिच्याकडे द्या की. रात्री अंधारात पोटाखाली एकेक सरकवायची, सकाळी ती आपलीच म्हणून फिरवते. बल्ब नको नि शेगडी नको.

ओढ्याकाठी

ताई, एक बसली आहे, पण तिची अंडी अजून दहा दिवसांची आहेत. आणि पन्नास पिल्लांना चार-पाच खुडूक कोंबड्या लागतील, त्याही एकाच वेळी. ते गणित जमायचं नाही.

ढोरडॉक्टर

तांबडी_माती ह्यांचा उपाय खरा आहे, फक्त कोंबडी एकवीस दिवस बसून पिल्लं फुटायच्या बेतात असली पाहिजे. अर्ध्यावर असलेली कोंबडी पिल्लांना टोचून मारू शकते. मोठी, पिसं फुटायला लागलेली पिल्लंही ती स्वीकारत नाही. आणि पुढच्या पिढीसाठी ह्या जातीकडून खुडूक बसण्याची अपेक्षा ठेवू नका. ग्रामप्रिया, वनराज ह्या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या जाती, त्यांच्यात तो गुण जवळपास राहिलेला नाही. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देणं थांबवते, म्हणून निवड करताना तो गुण मागे पडत जातो.

आता तुमच्या ब्रूडरकडे येतो. घेर, चुना, खोली वाळवणं उत्तम. चार गोष्टी बदला.

थर्मामीटर भिंतीवर लावलात तर भिंतीचं तापमान कळेल. पिल्लू जमिनीपासून दोन इंचांवर जगतं. थर्मामीटर दोरीने खाली सोडा, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, घमेल्याच्या कडेखाली. तिथे पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस हवेत, म्हणजे ९५ फॅरनहाइट. मग दर आठवड्याला ५ फॅरनहाइट कमी करत ९०, ८५, ८०. पण हे आकडे दिव्याखालचे. घेराच्या कडेला २६-२८ असलं तरी चालतं, किंबहुना तसंच असावं. सगळी खोली ३५ वर तापवली तर ज्या पिल्लाला गरम होतंय त्याने जायचं कुठे?

दुसरं, बल्ब एक नको. पिल्लामागे २ वॅट हा ढोबळ हिशेब, म्हणजे तुमचे १०० बरोबर, पण तो साधारण हवेचा हिशेब आहे. आठ अंशांच्या रात्री दीडशे-दोनशे वॅट लागतील. ६० चे तीन बल्ब वेगवेगळ्या होल्डरवर लावा. रात्री दोन वाजता एक उडाला तरी दोन चालू राहतात. एलईडी लावू नका, त्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही.

तिसरं, खिडकी पूर्ण बंद करू नका. वरची चार बोटं फट हवीच. ओलसर तूस आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो, पिल्लांचे डोळे चुरचुरतात, मग श्वासाचे आजार. तुम्ही गुडघ्यावर बसून, नाक पिल्लांच्या उंचीला नेऊन वास घ्या. तुमचे डोळे झोंबले तर पिल्लांचे आधीच झोंबलेत.

चौथं, शेगडी. बंद खोलीत कोळसा अजिबात नको. धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. पिल्लं तर जातातच, राखणीला आत झोपलेला माणूसही जातो.

माळरान

डॉक्टरसाहेबांशी सहमत, पण शेगडीवर एवढं लाल निशाण नको. आमच्या भागात बुखारीवर, म्हणजे धुराड्याच्या बंद शेगडीवर, हजार-हजार पिल्लांच्या बॅचा निघतात. धुराचा पाइप शेडच्या बाहेर काढलेला असतो एवढंच. बिनपाइपची उघडी शेगडी मात्र मीही ठेवणार नाही.

ओढ्याकाठी, तुम्ही थर्मामीटर घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. पिल्लं स्वतः सांगतात. घमेल्याखाली दाटीवाटीने गोळा झाली आणि एकसारखा कर्कश चिवचिवाट चालू असला की थंडी. पंख सैल सोडून, चोच उघडून, पुठ्ठ्याला चिकटून लांब बसली की उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली की दुसऱ्या बाजूने वारा येतोय. आणि काही खाताहेत, काही पाणी पिताहेत, काही मान टाकून निवांत पसरलीत, आवाज बारीक नि समाधानी, तेव्हा थर्मामीटर काहीही म्हणो, हात लावू नका.

नवखा माणूस मान टाकून पडलेलं पिल्लू बघून घाबरतो, मेलं म्हणून. उचललं की ते ओरडत पळतं. पिल्लं झोपतातच तशी.

लष्करच्या_भाकऱ्या

माझा प्रांत वायरिंगचा, म्हणून बोलतो. लोखंडी घमेलं, त्यात बल्ब, खाली पाण्याची भांडी आणि कोरडं तूस. हे जमवताना:

घमेलं वायरवर टांगू नका. साखळीवर टांगा, आणि शिवाय एक जादा तारेचा फास ठेवा. साखळी सुटली तर घमेलं तुसावर जाऊन बसतं आणि अर्ध्या तासात खोली पेटते. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लास्टिकचा वितळतो. घमेल्याला अर्थिंग द्या. बोर्डावर गळती संरक्षक स्विच असला तर सोन्याहून पिवळं. बल्ब सुरुवातीला तुसापासून दीड फुटावर, मग साखळीची कडी बदलत वर न्यायचा. तापमान कमी करायचं ते असं, बल्ब काढून नव्हे.

घरात इन्व्हर्टर आहे का? १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, हाताला हजार-बाराशे लागतात. ६० चे दोन बल्ब, म्हणजे १२० वॅट, त्यावर आठ-दहा तास निघतील, बॅटरी म्हातारी नसेल तर. त्या रात्री घरातला टीव्ही नि पंखे त्याच्यावर ठेवू नका म्हणजे झालं. डिसेंबरात पंखे कोण लावतंय म्हणा.

आत्याबाई

अरे, इन्व्हर्टर नाही त्यांनी काय करायचं? आमच्या सासरी स्टीलच्या कळशीत उकळतं पाणी भरून, तोंड घट्ट बांधून, कळशीला गोणपाट गुंडाळून पिल्लांच्या मधोमध ठेवत. पिल्लं तिला टेकून बसतात. तीन-चार तास ऊब राहते, मग पाणी बदलायचं. कळशी लवंडणार नाही अशी विटांत बसवा. शीतपेयाच्या बाटल्यांत उकळतं पाणी घालू नका, त्या आक्रसतात नि गळतात.

आणि लाइट गेली की घेर लहान करायचा, वरून चादर टाकायची, पण एक बाजू उघडी ठेवून. पन्नास जीवांची स्वतःची ऊबही असते.

ढोरडॉक्टर

आत्याबाई, हा उपाय मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. गोणपाटाचे सुटे दोरे मात्र कापून टाका, पिल्लांच्या बोटांना गुंडाळतात नि बोट काळं पडतं.

निशाचर_पक्षी

मुंबईत फ्लॅटच्या बाल्कनीत जत्रेतली रंगवलेली चार पिल्लं आणलीत मुलीने. हाच हिशेब चालेल का? मासळीवाल्याचा थर्माकोलचा डबा आहे.

माळरान

पुठ्ठ्याचं खोकं घ्या, थर्माकोल नको. पिल्लं तो टोचून टोचून खातात. खोक्याच्या एका टोकाला ४० वॅटचा बल्ब, दुसऱ्या टोकाला पाणी. खोकं लांबट असू द्या, म्हणजे गरम-गार दोन्ही मिळेल. आणि मुलीला सांगा, रंगवलेली पिल्लं पुन्हा घेऊ नकोस. ती बहुतेक अंडी देणाऱ्या जातींची टाकून दिलेली नर पिल्लं असतात, थंडी-उपासाने आधीच खचलेली.

वऱ्हाडी_ठेचा

अरे बाप्पा, आठ अंश! आमच्या अकोल्यात मे महिन्यात पिल्लं आणली तर दिवसा बल्ब लावायची सोय नाही. ४४ अंशात पिल्लांना गार कसं ठेवायचं हाच प्रश्न. पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या टाकतो, खिडकीला ओलं तरट, पाणी दर दोन तासांनी बदलायचं. बल्ब फक्त पहाटे. वाचनखूण साठवली.

सातासमुद्रापार

विषय निघाला म्हणून. इकडे अमेरिकेत पिल्लं चक्क टपालाने येतात. १९१८ पासून टपाल खातं एक दिवसाची पिल्लं पोचवतं. पहाटे पोस्टातून फोन येतो, मागे चिवचिवाट ऐकू येत असतो, लवकर या नि घेऊन जा म्हणून. आम्ही परसात सहा कोंबड्या पाळल्यात. आता दिव्याऐवजी तापणारी पाटी मिळते, टेबलासारखी चार पायांवर उभी. पिल्लं तिच्या खाली शिरतात, कोंबडीच्या पोटाखाली शिरल्यागत. वीज कमी लागते आणि आगीची भीती जवळपास नाही. पण उघड्यावर आठ अंशांत ती पुरायची नाही, खोली जरा उबदार लागते.

टपालाने दोन-तीन दिवस उपाशी पिल्लू जगतं कसं, हे मात्र मला कोडंच आहे.

ढोरडॉक्टर

कोडं नाही. फुटण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्यावर अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास निघतात. निसर्गात पहिलं पिल्लू फुटल्यावर शेवटचं फुटेपर्यंत कोंबडी उठत नाही, तोवरची ही शिदोरी. म्हणून वाहतूक शक्य होते. पण शिदोरी आहे म्हणून उशीर करू नये. जितक्या लवकर चोचीत दाणा पडतो तितकं आतडं लवकर कामाला लागतं आणि बलकही लवकर जिरतो.

ओढ्याकाठी

सगळ्यांचे आभार. बदल केले. ६० चे तीन बल्ब, चिनी मातीचे होल्डर, साखळी, अर्थिंग. पिवळे बल्ब शोधायला जुन्नरला जावं लागलं, आमच्या बाजारात आता फक्त एलईडी. खिडकीची वरची फट उघडी, तिला जाळी. शेगडी रद्द, इन्व्हर्टरची वायर खोलीत ओढली, आणि आईने कळशी बाजूला काढून ठेवली आहे.

फरशीचं एक लक्षात आलं. शहाबादी रात्री बर्फ होते, तुसातून गारवा वर येतो. म्हणून खाली खाद्याची रिकामी पोती दुहेरी अंथरली, त्यावर तीन इंच तूस. बल्ब बुधवारी सकाळपासूनच चालू ठेवणार, म्हणजे गादी आतून तापलेली असेल.

वर्तमानपत्राबद्दल कोणीच बोललं नाही?

माळरान

गादी आधी तापवणं शंभर टक्के बरोबर. थंडीत चोवीस तास आधी. हवा तासाभरात तापते, तूस नाही, आणि पिल्लाचे पाय तुसावर असतात.

कागद पहिले तीन-चार दिवस ठेवा, कारण नवं पिल्लू तूस आणि दाणा ह्यात फरक करत नाही, तूसच खात सुटतं. पण गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. कागद चुरगळून परत पसरा, किंवा पुठ्ठ्याची नालीदार बाजू वर करून टाका. चार थर अंथरले तर रोज एक काढायचा. रंगीत चकचकीत पुरवण्या नकोत. एखाद्याचे पाय फाकलेच तर दोन्ही पायांत चिकटपट्टीची बेडी घाला, मधे बोटभर अंतर ठेवून. दोन-तीन दिवसांत सुधारतं.

तांबडी_माती

मुंग्या! कोणी मुंग्या लिहिल्या नाहीत. आमच्याकडे शेजाऱ्यांची आठ पिल्लं एका रात्रीत लाल मुंग्यांनी संपवली. गोड पाणी सांडलं होतं. घेराबाहेर राखेची नि चुन्याची जाड रेघ मारा, सांडलेलं लगेच पुसा. वरून अर्ध्या इंचाची जाळी. एक इंचाच्या जाळीतून उंदीर येतो. घुशीची बिळं बघा, फरशीच्या सांध्यात काच घालून सिमेंट मारा.

वऱ्हाडी_ठेचा

जुन्नरला बिबटे म्हणे गल्लोगल्ली फिरतात, त्याचं काय?

ओढ्याकाठी

बिबट्या येतो, पण त्याला कुत्रं हवं असतं, पन्नास ग्रॅमच्या पिल्लांसाठी तो जाळी उचकटणार नाही. मला धास्ती मुंगसाची आणि बोक्याची. दाराखालची फट पत्र्याने बंद केली.

ओढ्याकाठी

पिल्लं आली! भोकं पाडलेलं खोकं, आत खण, एका खणात पंचवीस. मोजली तर ५१, एक जादा.

डॉक्टरसाहेबांनी फोनवर सांगितलं तसं केलं. लिटरभर कोमट पाण्यात मूठभर गूळ विरघळवून ठेवला होता. एकेक पिल्लू हातात घ्यायचं, चोचीचं टोक पाण्यात टेकवायचं, सोडायचं. पहिल्यांदा ते मान झटकतं. मग मान वर करून गिळतं, थांबतं, नि स्वतःच परत वाकतं. चार-पाच पिल्लं प्यायला लागली की बाकीची बघून शिकतात, पण आम्ही एकही सोडलं नाही. भांड्यात गोट्या टाकल्या होत्या, बुडू नयेत म्हणून. तासाभराने कागदावर मक्याचा भरडा पसरला. बोटाने कागदावर टकटक केलं की धावत येतात, कोंबडी चोच आपटते तसं वाटत असावं.

थर्मामीटर ३५ दाखवत होता, तरी अर्ध्या तासात सगळी पिल्लं खिडकीच्या बाजूच्या पुठ्ठ्याला जाऊन चिकटली. माळरानांचं वाचलेलं होतं, म्हणजे वारा दाराकडून. दार तर बंद. उदबत्ती लावून पिल्लांच्या उंचीला धरली आणि घेराभोवती फिरवली. धूर सरळ वर जात होता, एका जागी आडवा झाला. दाराची चौकट आणि भिंत ह्यांच्यामधे करंगळी जाईल एवढी चीर. उभं राहून हात लावला तर काही जाणवत नाही, खाली बसलं की गार रेघ. चिखल-शेणाने लिंपली. पाऊण तासात पिल्लं पांगली.

आता रात्रीचे अकरा. काय तपासू?

ढोरडॉक्टर

उदबत्तीचं आवडलं, मी पुढे सांगत जाईन.

आता दहा-बारा पिल्लं वेगवेगळ्या जागची उचला आणि गळ्याखालची खाद्याची पिशवी दोन बोटांत हलकेच चाचपा. मऊ, भरलेली, पिठाच्या लापशीगत लागली तर खाणं-पाणी दोन्ही झालंय. कडक दाणेदार लागली तर पाणी कमी पडतंय. पाण्याने डबडबलेली असली तर दाणा मिळालेला नाही. रिकामी सापडली ती पिल्लं वेगळी काढून पुन्हा चोच बुडवा. मग त्यांचे पाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर गादी गार आहे.

गुळाचं पाणी उद्या सकाळी बंद. जास्त दिवस दिलं तर पातळ हगतात. साधं स्वच्छ पाणी, त्यात जीवनसत्त्वं-क्षारांची पूड पाकिटावरच्या मापाने. आणि उद्यापासून स्टार्टर. घरच्या मोठ्या कोंबड्यांचं अंड्यावरचं खाद्य पिल्लांना घालू नका, त्यात कॅल्शियम जास्त असतं, मूत्रपिंडं जातात.

आत्याबाई

बाळांनो, रात्री सारखं सारखं दार उघडून बघू नका. बघायचं तर फटीतून आवाज ऐका.

ओढ्याकाठी

शनिवारी पहाटे तीनला लाइट गेली ती नऊला आली. दोन बल्ब इन्व्हर्टरवर निघाले, पाचच्या सुमारास कळशीही ठेवली. एक पिल्लू गेलं, ते आल्यापासूनच मलूल होतं. बाकी ५० ठणठणीत.

दोन पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा वाळून गच्च झाली आहे. ओढून काढायची का?

ढोरडॉक्टर

ओढू नका, कातडी फाटते. कोमट पाण्यात बुडवलेला कापूस धरून ठेवा, मऊ झालं की पुसा, कोरडं करा, बोटभर खोबरेल लावा. न काढलं तर आतली विष्ठा तुंबून पिल्लू मरतं. दोन-चार पिल्लांना झालं तर प्रवासाचा, थंडी-उकाड्याचा ताण समजायचा. पांढरट हगवण लागून रोज पिल्लं मरायला लागली तर पुलोरम ह्या जिवाणूंच्या रोगाची शंका, मग मेलेलं ताजं पिल्लू घेऊन दवाखान्यात जायचं.

आणि नीट बघा, शेपटीखाली आहे ना? पोटावर मधोमध काळी खपली असेल तर ती बेंबी आहे, तिला हात लावायचा नाही. ती विष्ठा समजून लोक उपटतात नि पिल्लाचं आतडं बाहेर येतं.

लष्करच्या_भाकऱ्या

बापरे. हे दर वेळी ठळक अक्षरांत लिहीत जा डॉक्टर.

कडक_चहा

मी कडकनाथ आणतोय. त्यांच्यासाठी वेगळा ब्रूडर लागतो का? एक जण म्हणाला काळी असतात म्हणून ऊब जास्त धरतात.

माळरान

काळी असली तरी ३५ म्हणजे ३५. झाबुआची जात, चिवट खरी, पण चिवटपणा मोठेपणी. कडकनाथ कोंबडीही खुडूक बसायला फारशी राजी नसते, तेव्हा ब्रूडर किंवा गावरान दाई, दोन्हींपैकी एक ठेवा.

ओढ्याकाठी

सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीवरची लस दिली. लसीची कुपी शंभर डोसांची, म्हणून वाडीतल्या तिघांना बोलावून घेतलं, सगळ्यांची पिल्लं एकाच सकाळी उरकली. थर्मासमधे बर्फ, एका डोळ्यात एक थेंब, पिल्लू डोळा मिचकावेपर्यंत धरून ठेवायचं.

आता घेर सहा फुटांचा केलाय, कागद काढला. पंखांना पिसं दिसायला लागलीत. तूस मात्र पाण्याच्या भांड्याखाली रोज ओलं होतं.

ढोरडॉक्टर

लस उत्तम दिलीत. विरघळवल्यावर दोन तासांच्या आत संपवायची, उरलेली उकळून पुरून टाकायची. मानमोडी एकदा वस्तीत शिरली की सगळ्यांच्याच कोंबड्या जातात, त्यामुळे शेजाऱ्यांना बरोबर घेतलंत हे फार बरं. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. मरेक्स रोगाची लस हॅचरीत पहिल्याच दिवशी दिली होती का ते बिलावर बघा.

ओल्या तुसाकडे दुर्लक्ष नको. तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवणीचा काळ सुरू होतो, तिचे जंतू ओल आणि ऊब दोन्ही एकत्र मिळाली की वाढतात. तुमच्या ब्रूडरमधे ऊब आहेच, ओल तुम्ही देऊ नका. भांडं विटेवर ठेवा, त्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला येईल असं. गोट्या काढा आता. ओलं तूस रोज उचलून बाहेर, बाकीचं दाताळ्याने हलवा. विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पिसं फुलवून कोपऱ्यात उभी राहायला लागली, तर त्याच दिवशी फोन करा. अँप्रोलियम हे त्यावरचं औषध पाण्यातून देता येतं, पण मात्रा विचारूनच.

ओढ्याकाठी

तिसरा आठवडा संपत आला. दिवसा बल्ब बंदच असतात, संध्याकाळी सहाला लावतो. काही पिल्लं पुठ्ठ्यावर उडून बसतात. बल्ब पूर्ण कधी काढायचे? आणि खुराड्यात कधी?

माळरान

पाठीवरची पिसं पूर्ण भरली का बघा, पंखांची नको, ती आधीच येतात. तुमच्याकडे जानेवारीची थंडी आहे, तेव्हा पाचव्या आठवड्यापर्यंत रात्रीचा एक बल्ब राहू द्या. आधी दुपारी दोन तास अंगणात, जाळीखाली सोडा. मग दिवसभर. खुराड्यात नेल्यावर पहिल्या रात्री तोच बल्ब तिथे टांगा, नाहीतर अंधाराला घाबरून कोपऱ्यात ढीग करतात, आणि इतकी वाढवलेली पिल्लं त्या एका रात्रीत गुदमरतात. मोठ्या कोंबड्यांत लगेच मिसळू नका, मधे जाळी ठेवून दोन आठवडे एकमेकांना बघू द्या.

तांबडी_माती

आणि ती खुडूक बसलेली कोंबडी? तिची पिल्लं निघाली का?

ओढ्याकाठी

निघाली, नऊ. ती अंगणात त्यांना घेऊन फिरते आणि ह्या पन्नासांच्या जाळीजवळ आली की फणा काढल्यासारखी पिसं फुलवते. त्यांना वेगळं ठेवलंय.

ढोरडॉक्टर

वेगळंच ठेवा. तिच्या नऊ पिल्लांनाही लासोटा द्या, गावरान म्हणून सोडू नका. आणि सगळ्यांना कोंबड्यांच्या देवीची लस, सहाव्या ते आठव्या आठवड्यात. तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा.